काचेचा तंतू

मी टेलिफोन खात्यात केबल जोडायचो. सुरुवातीची वर्षं तांब्यात गेली. कागद गुंडाळलेल्या तारांच्या शेकडो जोड्या एकेक पीळ देऊन जोडायच्या, वर शिशाची नळी चढवून झाळायची. पावसाचं पाणी आत शिरलं की सगळं पहिल्यापासून.

मग काच आली. देशातला टेलिफोनचा पहिला ऑप्टिकल फायबर दुवा १९७९ साली आमच्या पुण्यातच सुरू झाला. तंतू १२५ मायक्रॉनचा, केसाएवढा. दोन टोकं यंत्रात समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीनं वितळवायची. जोड नीट जमला की डोळ्यांना दिसतही नाही. ते समाधान तांब्यानं मला कधी दिलं नाही.

या काचेच्या तंतूचं मूळ १९६६ सालचं. संदेश नेणारा उजेड तंतूत वाटेतच विरतो, तो दोष काचेतल्या अशुद्धीचा आहे, हे शास्त्रज्ञ चार्ल्स काव यांनी दाखवलं. तेव्हाच्या तंतूत वीस मीटरनंतर जेमतेम एक टक्का उजेड उरे. आता किलोमीटरभरानंतरही पंच्याण्णव टक्के उरतो. काव यांना नोबेल मिळालं ते २००९ मध्ये, फार उशिरा.

तुमच्या घरी फायबरची जोडणी असेल, तर वायफायच्या डब्यात शिरणाऱ्या बारीक वायरीत तोच तंतू आहे. तिला घट्ट वाकवून खिळ्याला बांधू नका. तीव्र वळणावर उजेड बाहेर सांडतो.