न विकलेला टाका

सुरतेचा इतिहास लिहिणारे वखारींविषयी, जहाजांविषयी आणि जरीविषयी विस्ताराने लिहितात. आपण मराठी मंडळी त्यात शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांची आठवण जोडतो. या सगळ्या इतिहासात घरातल्या बाईच्या सुईला मात्र जागा मिळालेली नाही. त्याचे कारण साधे आहे. सुरत हे व्यापाराचे शहर. येथे जे विकले गेले ते वहीत चढले. हौस म्हणून केलेले भरतकाम कोणी विकले नाही, म्हणून त्याची नोंदही कोणी ठेवली नाही.

विकल्या गेलेल्या टाक्याची कथा मोठी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी येथे वखार घातली आणि खंबायतेकडचे भरलेले पडदे व पलंगपोस सुरतेमार्गे विलायतेस जाऊ लागले. ससेक्समधील अ‍ॅशबर्नहॅम येथील वाड्यातले, सुमारे १७०० सालचे असे पडदे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांवरील वेलबुट्टी बारीक साखळी टाक्याची आहे. गुजरातेत हे काम मोची समाजातील कारागीर करीत. चामडे भरण्याचे त्यांचे कसब कापडावर उतरले. कापड चौकटीवर ताणायचे, आकड्याची आरी वरून टोचायची आणि खालच्या हाताने धरलेला दोरा तिच्यात अडकवून वर ओढायचा, ही त्याची रीत. ते पुरुषांचे पोटापाण्याचे काम होते.

जरीचेही तसेच. चांदीची तार बारीक छिद्रांतून ओढून निमुळती करायची. ती चपटी केली की बादला होतो आणि तो रेशमावर गुंडाळला की कसब. सलमा, टिकी, कांगरी हे जिन्नस खास भरतकामासाठी. येवल्याच्या पैठणीच्या पदरालाही सुरतेची जर लागते. म्हणजे आपल्या आज्या सुरतेस येऊन राहिल्या, त्याआधीच सुरत त्यांच्या पदरावर येऊन बसलेली होती.

त्या आज्यांनी सोबत आणलेला टाका वेगळ्या शाळेत शिकलेला होता. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, निघाले. तेथील अभ्यासक्रमावर लोकमान्यांच्या पत्रांनी टीका केली. मुलींना इंग्रजीपेक्षा गृहकृत्यास उपयोगी पडेल ते शिकवावे, असा त्या टीकेचा रोख होता. त्या वादात सुई ही बाईच्या शिक्षणाची मर्यादा ठरू पाहत होती. पुढे तीच सुई तिचा आधार झाली. १९०९ साली पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी निराधार स्त्रियांसाठी शिवण-भरतकामाचे वर्ग चालविले. १९१४ साली बडोद्यात महाराणी चिमणाबाईंच्या नावाने स्त्री उद्योगालय उभे राहिले.

बंधन असो की आधार, सुईला प्रत्येक वेळी उपयोगाचा दाखला द्यावा लागला. 'मला आवडते म्हणून भरते' असे म्हणण्याची सोय बाईला नव्हती. म्हणून हौसेने उपयोगाचे नाव घेतले आणि ती रुखवतात, उशीच्या अभ्र्यांत, बाळाच्या कुंचीत जाऊन बसली. दुपारची जेवणे उरकून भांडी पालथी पडली की चहाच्या वेळेपर्यंतचा दीड-दोन तासांचा अवकाश तेवढा तिचा असे.

माझ्या आत्याची सुरतेतली दुपार अशीच असे. कागदावर नक्षी काढून ती टाचणीने बारीक टोचायची, की खाका तयार. तो कापडावर ठेवून वरून रॉकेलात कालवलेली नीळ फिरवली की नक्षी खाली उतरते. मग सहा पदरी दोऱ्याचे दोन पदर सोडवून काम सुरू. शेजारच्या गुजराती बेन चाकळा भरीत. भिंतीवर टांगायच्या त्या चौकोनातले आरसे बसवायचे टाके आत्याने त्यांच्याकडून घेतले आणि गव्हाचा टाका त्यांना दिला. १९६० साली मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. या देवघेवीत त्याने एका टाक्याचाही फरक पडला नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आत्याची पत्र्याची पेटी तीन दिवस गाळात होती. तिच्यातून दोन वस्तू निघाल्या. एक तिच्या लग्नातले जरीचे पातळ, दुसरा तिने स्वतः भरलेला मेजपोस. पातळ विरले होते, तरी जुन्या जरीतली चांदी जाळून काढणाऱ्याने त्याचे वजन करून पैसे मोजले. मेजपोसाच्या तांबड्या दोऱ्याचा रंग फुटून पांढऱ्या कापडावर मोठा डाग पसरला होता. घरातल्यांनी तो गाळाबरोबर टाकायला काढला. आत्याने तो उचलून घेतला, धुतला आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्या डागावर पाने भरायला बसली. "आता हा कोणत्या मेजावर घालणार?" असे मी विचारले. ती म्हणाली, "घालायचाय कशाला? भरायचाय."

तो पुरा झाला नाही. आज तो माझ्याकडे आहे, सुई टोचलेली तशीच. ती पाने ज्या साखळी टाक्याची आहेत, तोच टाका लंडनच्या काचेमागे आहे. तेथे भरणाऱ्याचे नाव नाही आणि आत्याच्या मेजपोसावरही तिचे नाव नाही. त्या कारागिरांसाठी आता काही करता येणार नाही. आपल्या घरांतल्या बायकांसाठी मात्र येईल.

तेव्हा सभासदांना एक विनंती. घरच्या पेट्या उघडाव्यात. जुने भरतकाम प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या मलमलीत गुंडाळावे आणि दरवर्षी घडी बदलावी. जाणते माणूस हयात आहे तोवर त्याला विचारून, कापडाच्या उलट्या बाजूस लहानशा उलट्या टिपेने भरणारीचे नाव आणि साल घालावे. हे टाके घालताना कोणाला सुई खाली ठेवावीशी वाटली नाही, तर तिने ती ठेवू नये. कोणासाठी भरतेस, असे कोणी विचारलेच तर आत्याचे उत्तर द्यावे.