उलटणे (गायींतील)

भरवलेली गाय गाभण न राहता पुन्हा माजावर येणे. साधारण 21 दिवसांनी तिने पुन्हा माज दाखवला, की गोठ्यात ‘गाय उलटली’ म्हणतात. वरकरणी निरोगी, माजचक्र नियमित, तरी तीन किंवा अधिक रेतनांनंतरही गाभण न राहणारी गाय ‘वारंवार उलटणारी’ ठरते. तिला सर्रास वांझ म्हणतात, ते चूक. वांझ म्हणावी ती बहुधा गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड. गर्भातच दोघांचे रक्त एकत्र आल्याने तिची जननेंद्रिये नीट वाढत नाहीत.

मांसासाठी गायी पाळणाऱ्या देशांत बहुधा वळू कळपातच सोडतात. माज ओळखायचे काम तोच करतो. पुणे जिल्ह्यातली संकरित गाय दाव्याला बांधलेली असते आणि गोठ्यात वळू नसतो. माज माणसाने ओळखायचा, आणि पुष्कळदा चूक गायीची नसून नजरेची असते. 1967 मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे स्थापलेल्या ‘बाएफ’ने गोठित रेतमात्रा शेतकऱ्याच्या दारात नेल्या. उणे 196 अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेले हे शुक्राणू वितळल्यावर ताज्या रेतातल्या शुक्राणूंइतके टिकत नाहीत. माज 12 ते 18 तासांचा. स्त्रीबीज सुटते माज संपल्यावर 10-12 तासांनी, आणि तेही काही तासच तग धरते. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. मुक्या माजात गाय हंबरत नाही, दुसरीवर उडत नाही. सोट, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, तेवढा दिसतो, तोही पहाटे शेण काढताना पाहिला तर.

सोट काचेसारखा स्वच्छ हवा. तो गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर गर्भाशयदाह समजावा. वार अडकलेल्या गायीत तो विशेष आढळतो. अशा वेळी रेतन न करता आधी उपचार करतात.

आहाराचा भागही मोठा. व्याल्यानंतर दूध वाढते, भूक मागे राहते, गाय अंगावरची चरबी जाळते आणि माज लांबतो. गळीत हंगामात इकडे उसाच्या वाढ्यांवर भर असतो. वाढे पोट भरतात, पण त्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. क्षार मिश्रण दिल्याविना भागत नाही. उन्हाळ्यात उष्णतेने कोवळा गर्भ पुष्कळदा पहिल्या पंधरवड्यातच मरतो, गाय ठरल्या दिवशी माजावर येते आणि दोष रेतनावर जातो.

गोमांसासाठीच्या कळपात न फळणारी गाय हंगामाअखेर कत्तलखान्यात जाते. महाराष्ट्रात 1976 च्या प्राणिरक्षण अधिनियमाने गायीची कत्तल निषिद्ध आहे; 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे सतत उलटणारी गाय मालकाच्या दावणीलाच वैरण खात राहते, विकली जाते किंवा पांजरपोळात पोचते.