व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर 'हम्म्म' का करतो? हिटर वायरिंग समजून घेऊया

घरातला जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. गाणं लावलेलंच नाही, तरी स्पीकरमधून जाडसर 'हम्म्म' येतंय. बहुतेक जण लगेच म्हणतात, व्हॉल्व्ह गेले. मग ऑनलाइन महागडे व्हॉल्व्ह शोधायचे, बसवायचे, आणि हमिंग जिथल्या तिथे! कारण बऱ्याचदा दोष व्हॉल्व्हमध्ये नसतो, त्याला तापवणाऱ्या वायरमध्ये असतो.

आधी एक गोष्ट, आणि ही गंमत नाही. व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये २५०-३०० व्होल्ट डीसी खेळत असतं, आणि प्लग काढल्यावरही ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहतं. जीव जाऊ शकतो. कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरवर खात्री करता येत नसेल, तर खालचं वाचा जरूर, पण हात जाणकार माणसाला घालू द्या.

आता हिटर म्हणजे काय? व्हॉल्व्हच्या आत कॅथोड नावाची नळी असते. ती तापली की इलेक्ट्रॉन सोडते. तापवायचं काम तिच्या आतल्या बारीक तारेचं, तोच हिटर. त्याला सहसा ६.३ व्होल्ट एसी देतात. व्होल्टेज किरकोळ, पण करंट बघा: ईएल८४ला ०.७६ अ‍ॅम्पिअर, ईसीसी८३ला ०.३. दोन-दोन व्हॉल्व्हचा साधा स्टीरिओ धरला तर २ अ‍ॅम्पिअरच्या वर. हा करंट सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो आणि वायरभोवती तसंच बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. शेजारून ग्रिडची वायर जात असेल तर ती हे ५० हर्ट्झ उचलते. पहिला व्हॉल्व्ह ते वाढवतो, पुढचा आणखी वाढवतो, आणि स्पीकर ते आपल्याला ऐकवतो.

एसी नसेल तर? याचं उत्तर आपल्याकडे कित्येक वर्षं वाजत होतं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वीज पोचायला फार काळ लागला. अशा वीज नसलेल्या गावांसाठी बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह रेडिओ मिळायचे. त्यातल्या डीके९६, डीएफ९६सारख्या व्हॉल्व्हला १.४ व्होल्ट आणि फक्त २५ मिलिअ‍ॅम्पिअर पुरायचे, आणि मुख्य सर्किटसाठी साधारण ९० व्होल्टची वेगळी बॅटरी असायची. सगळंच डीसी, म्हणजे मेन्सचं हमिंग येणार कुठून? शहरातल्या महागड्या सेटपेक्षा पाड्यावरचा रेडिओ या एका बाबतीत स्वच्छ होता.

तर शोध कसा घ्यायचा? मोबाइल ऑक्सला जोडून चार्जिंगला लावला असेल तर आधी चार्जर काढा. कधीकधी प्रश्न तिथेच मिटतो. मग व्हॉल्यूम फिरवा. हमिंग कमीजास्त झालं तर ते व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरतंय, तसंच राहिलं तर नंतर. त्यानंतर फोनमध्ये कुठलंही स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अ‍ॅप उघडून माइक स्पीकरजवळ धरा. फोनचा माइक खालच्या फ्रिक्वेन्सीला कमजोर असतो, त्यामुळे ५०ची रेघ बुटकी दिसेल. तरी १००ची रेघ एकटी आहे की सोबत ५०ची पण आहे, ते कळतं. फुल-वेव्ह रेक्टिफायरच्या सेटमध्ये फक्त १०० असेल, तर संशय फिल्टर कपॅसिटरवर घ्या. हिटरच्या वायरी कितीही नीट केल्या तरी ते जाणार नाही.

५० दिसलं तर पक्का पुरावा मिळवायची माझी आवडती पद्धत बॅटरीची. कोड डीबग करताना एक भाग बाजूला काढून बघतो ना, तसंच. सेट बंद, कपॅसिटर रिकामे. पहिल्या ईसीसी८३च्या हिटरच्या एसी वायरी सोडवून त्यांची टोकं इन्सुलेट करा. त्या जागी ६ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी फ्यूजसकट जोडा आणि तिचं एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडला. सेट चालू केल्यावर हमिंग गेलं, तर चोर सापडला.

उपाय फुकटातला आहे. हिटरच्या दोन्ही वायरींना दोरीसारखा घट्ट पीळ घालायचा. एकीत करंट जातो तेव्हा दुसरीतून परत येतो, त्यामुळे दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतात. ही जोडी चॅसीच्या कोपऱ्यातून न्या, सिग्नलच्या वायरीला समांतर नको. ओलांडावीच लागली तर काटकोनात. सुरुवात पॉवर व्हॉल्व्हपासून आणि शेवट पहिल्या व्हॉल्व्हवर करा, म्हणजे नाजूक टोकाला सगळ्यात कमी करंट पोचतो. ईसीसी८३ला ६.३वर चालवताना ४ आणि ५ नंबरच्या पिन एकत्र, दुसरी वायर ९ला. सॉकेटजवळचा शेवटचा इंचभर पीळही सोडू नका. लोक तिथेच कंटाळा करतात.

दुसरं, हिटरला ग्राउंडचा संदर्भ हवाच. ट्रान्सफॉर्मरला सेंटर टॅप असेल तर तो ग्राउंडला. नसेल तर दोन्ही वायरींपासून १०० ओहमचा एकेक अर्ध्या वॉटचा रेझिस्टर ग्राउंडला. थोडं हमिंग उरलंच, तर हा मधला बिंदू थेट ग्राउंड न करता ३०-४० व्होल्ट डीसीवर उचलतात. हिटर कॅथोडपेक्षा पॉझिटिव्ह झाला की हिटरमधून निसटणारे इलेक्ट्रॉन कॅथोडकडे जात नाहीत.

जुन्या एसी/डीसी रेडिओची गोष्ट मात्र वेगळी. त्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो, सगळे हिटर एकामागे एक माळेत असतात. आवाजाचा पहिला व्हॉल्व्ह माळेच्या चॅसीकडच्या टोकाला ठेवतात, कारण तिथे एसी सगळ्यात कमी. कुणी दुरुस्तीत हा क्रम बदलला असेल तर हमिंग वाढतं. शिवाय त्यांचा रेक्टिफायर हाफ-वेव्ह, म्हणजे कपॅसिटर सुकला तरी ५०च दिसणार, फोनवाली युक्ती इथे फसते. आणि चॅसी थेट मेन्सच्या एका वायरीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की आख्खी चॅसी लाइव्ह! असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडून चालू करायचा नाही, बॅटरीची टेस्टही त्यावर करायची नाही.