गावचा वळू गेला, मागोमाग खिल्लार निघाली



परवा आमची चंद्री माजावर आली. गोठ्यात ही एकच खिल्लार, तिसऱ्या वेताची. बाकी दावणीला सगळ्या एचएफ. रेतन करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, "दादा, खिल्लारची कांडी आत्ता नाय माझ्याकडं. एचएफची भरू, का थांबताय एकवीस दिवस?"

"सांगतो," म्हणून फोन ठेवला आणि विचारात पडलो. आजोबांच्या काळात हा प्रश्न कुणाला पडला नसता. गाय माजावर आली की गावचा वळू आपणच वास काढत यायचा.

हा वळू कुणा एकाचा नसायचा. चांगल्या गाईचा, चांगल्या अंगकाठीचा गोऱ्हा निवडायचा आणि देवाच्या नावानं सोडायचा. त्यानं कुणाच्याही शेतात तोंड घातलं तरी काठी उगारायची नाही. आपण त्याला श्रद्धा म्हणतो, पण हिशेबही होता त्यात. दोन गाई असलेल्या माणसाला स्वतःचा वळू पोसणं परवडत नाही, अख्ख्या गावाला परवडतं. निवड गावाची, वैरण गावाची, वासरं ज्याची त्याला.

खिल्लार मुळात माणदेशाची. म्हसवड, आटपाडी, जत, सांगोला हा तिचा मुलूख. खिल्लार म्हणजेच गुरांचा कळप आणि कळप राखणारा तो खिल्लारी. आटपाडी हा औंध संस्थानातला महाल, म्हणून तिकडच्या जनावराला आजही आटपाडी महाल म्हणतात. पाऊस कमी, चारा कमी, चाल मोठी. अशा मुलखात पांढरं, काटक, लांब शिंगांचं जनावर तयार झालं. खरसुंडीच्या यात्रेत, पंढरपूरच्या बाजारात खोंडं विकली जायची आणि तिथून घाटावर सगळीकडं पसरायची.

आमच्याकडं पुण्याच्या पूर्वेला त्यांना कामाची कमी नव्हती. 1870 च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, मुठा कालव्याचं पाणी हडपसर-मांजरीकडं आलं आणि ऊस वाढला. नांगरट बैलानं, विहिरीवरची मोट बैलानं, गुऱ्हाळाचा चरक बैलानं आणि गुळाची गाडी पुण्याच्या पेठेत जायची तीही बैलानंच. गाय वासराला पाजून शेर-दोन शेर दूध द्यायची, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तिची खरी कमाई पोटच्या खोंडाची होती.

मग इंजिन आलं, मोट गेली. ट्रॅक्टर आला, नांगर गेला. 1967 साली मणिभाई देसाईंनी आमच्या शेजारी उरुळी कांचनला बायफ उभी केली आणि संकरित गाय गोरगरिबांच्या दारात नेली. 1970 ला दूध महापूर योजना सुरू झाली. याला मी नावं ठेवणार नाही. माझ्या शाळेची फी एचएफच्या दुधातून गेलीय. पुढं बायफनं देशी जाती जपायचंही काम केलं. पण कांडी गोठ्यात आली तसं गावाला वळू पोसायचं कारण उरलं नाही. आणि वळू गेला तशी निवडही गावाच्या हातातून गेली.

खोंडाला एकच काम उरलं, शर्यतीचं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तेही थांबलं. 2015 च्या कायद्यानं राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. कायदा बरा की वाईट हा वाद इथं नको. पण नर वासरू जन्माला आलं की त्याला आयुष्यभर वैरण कुठून घालायची, हा प्रश्न तेव्हा लहान शेतकऱ्याच्या दारात उभा राहिला. कितीतरी जणांनी खिल्लार गाय विकली ती याच भीतीनं. 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं ती कायम केली. जुन्नर, खेड, आंबेगाव, मावळातले घाट परत वाजायला लागले आणि खोंडाला परत गिऱ्हाईक आलं. पण शर्यतीला वेग लागतो. वळू निवडताना पूर्वी गाव स्वभाव बघायचं, खूर बघायचं, आई दर वर्षी वेते का ते बघायचं. एकट्या वेगावर निवड केली तर जनावर पळेल, पण मऊ नांगरटीत दिवसभर टिकेलच असं नाही.

तुकोबांची पालखी आमच्या सोलापूर रस्त्यानं जाते. रथाची बैलजोडी बघून लोक हात जोडतात. पण या जोडीची आई कुठल्या गोठ्यात आहे आणि तिला आज कुठला वळू मिळतो, हे विचारणारे कमी.

आमची मांजरी 2021 ला महापालिकेत गेली. आता इथं देवाचा वळू सोडला तर तो मोकाट जनावर ठरेल आणि दुसऱ्या दिवशी कोंडवाड्यात जाईल. जुनी पद्धत तशीच्या तशी परत येणार नाही, हे कळतंय.

मी एकवीस दिवस थांबलो. दुधाचा हिशेब केला तर तोटाच. मग सासवडच्या पलीकडं एका पाहुण्यांकडं खिल्लार वळू आहे, तिथं चंद्रीला टेम्पोनं नेऊन दाखवून आणलं. टेम्पोचं भाडं ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात कडब्याच्या पेंढ्या आल्या असत्या की रं." तिचंही खरंय.

येताना एक शंभर पानी वही घेतली. त्यात लिहिलं: गाय चंद्री, तिची आई कुठली, वळू कुणाचा, त्याची आई कुठली, तारीख. कालवड झाली तर तिला हाच वळू चालणार नाही, तो तिचा बाप असेल. दुसऱ्या रक्ताचा शोधावा लागेल. आणि तो माझ्या एका गोठ्यात कधीच मिळणार नाही.

म्हणून विचारतो. हवेली, पुरंदर, दौंड भागात कुणाकडं खिल्लार वळू आहे? त्याची आई कुणी बघितलीय? फोटो नसला तरी चालेल, वंश सांगा. वहीत भरपूर पानं कोरी आहेत.