हातातील जीपीएस यंत्र

हातातील जीपीएस यंत्र, म्हणजेच हँडहेल्ड जीपीएस, हे कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांच्या आधारे स्वतःचे अक्षांश, रेखांश व उंची ठरवणारे छोटे उपकरण होय. गिर्यारोहक, वनकर्मचारी, भूमापक आणि पक्क्या रस्त्यांपासून दूर दुचाकीने भटकणारे हौशी प्रवासी त्याचा वापर करतात. प्रस्तुत लेखात अल्प किमतीच्या यंत्राच्या निवडीचा विचार प्रामुख्याने धाराशिव जिल्ह्यातील आडवाटांच्या संदर्भात केला आहे.

कार्यपद्धती

जीपीएस ही अमेरिकेची प्रणाली असून तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की यंत्राला आपले स्थान काढता येते. नागरी वापरासाठीच्या संदेशांत हेतुतः ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि तेव्हापासून साध्या यंत्रालाही मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंतची अचूकता लाभू लागली. यंत्र केवळ संदेश ग्रहण करते, पाठवत काहीच नाही. त्यामुळे त्याला मोबाइलचे जाळे लागत नाही व मासिक शुल्कही पडत नाही.

रशियाच्या ग्लोनास प्रणालीचे उपग्रहही बहुतेक यंत्रे वापरतात. इस्रोच्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी प्रक्षेपित झाला. मात्र स्वस्त यंत्रांत तिची सोय क्वचितच आढळते. आडवाटेच्या प्रवासासाठी एवढ्या कारणावरून यंत्र नाकारण्याची गरज नाही.

स्मार्टफोन की स्वतंत्र यंत्र

‘रेंज नसेल तर फोनचे जीपीएस चालत नाही’ हा समज चुकीचा आहे. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर फोनही स्थान दाखवतो. ज्याच्याजवळ जुना फोन पडून आहे, त्याने प्रथम तोच वापरून पाहावा, हे खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे.

स्वतंत्र यंत्राची बाजू वेगळ्या कारणांनी भक्कम ठरते. एप्रिल-मेच्या उन्हात हँडलवर बसवलेला फोन तापून मंदावतो किंवा बंद पडतो. भर उन्हात त्याचा पडदा नीट दिसत नाही, तर हातातील यंत्राचा पडदा सूर्यप्रकाशातच अधिक स्पष्ट वाचता येतो. दुचाकीच्या इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. शिवाय हातमोजे घालून बटणे दाबता येतात, काच चाळवणे अवघड जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाट दाखवता दाखवता बॅटरी संपली तर मदतीसाठी फोन करण्याचे साधनही त्याच क्षणी हातचे जाते.

यंत्राची निवड

स्वस्त यंत्रांत गार्मिन कंपनीची ‘ईट्रेक्स’ मालिका सर्वपरिचित आहे. २०११ साली आलेले ‘ईट्रेक्स १०’ दोन ‘एए’ आकाराच्या पेन्सिल सेलवर सुमारे २५ तास चालते. परंतु त्याचा पडदा कृष्णधवल असून त्यात बाहेरचा नकाशा भरता येत नाही. पडद्यावर दिसते ती केवळ आपण चाललेली रेघ आणि नोंदवलेली ठिकाणे. पुढच्या ‘२०’, ‘२०एक्स’ व ‘२२एक्स’ या यंत्रांत रंगीत पडदा आणि मेमरी कार्डाची खाच आहे. ‘३०’ व ‘३२एक्स’ यांत विद्युत होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक जास्तीचा मिळतो. बालाघाटच्या पठारी प्रदेशात या दोहोंवाचून फारसे अडत नाही. हिमालयात फिरणाऱ्याची गोष्ट निराळी.

तेव्हा पैसे कमी असतील तर उंचीमापक सोडावा, नकाशा भरण्याची सोय मात्र सोडू नये. जुने यंत्र विकत घेताना सेलच्या कप्प्यातील पट्ट्या गंजलेल्या नाहीत ना, हे झाकण उघडून पाहावे. खडबडीत वाटेवर सेल क्षणभर हलले तरी काही यंत्रे बंद पडतात. पट्ट्या सैल असतील तर हा त्रास वाढतो. दुचाकीच्या बॅटरीवरून यूएसबीद्वारे वीजपुरवठा घेतल्यास तो बहुतांशी टळतो.

धाराशिव जिल्ह्यातील विशेष अडचणी

या जिल्ह्यात गावाचे नाव पाहून जाणारा फसू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची सर्वाधिक हानी झाली. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावे मूळ गावठाण सोडून नव्या जागी वसवण्यात आली. लोहारा व उमरगा भागात त्यापूर्वीचा नकाशा वापरल्यास नकाशावरील गाव प्रत्यक्षात ओसाड गावठाण निघते आणि पाणी, पेट्रोल किंवा माणूस भेटण्याची अपेक्षा व्यर्थ ठरते. नावांचाही घोळ आहे. उस्मानाबादचे अधिकृत नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. जुन्या यंत्रांतील व नकाशांतील शोधयादीत मात्र जुनेच नाव सापडते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे पाणंदी, ओढे व विहिरी दाखवण्यात आजही मोलाचे आहेत. जिल्ह्यातून ७६° पूर्व रेखावृत्त जात असल्याने हे नकाशे दोन मोठ्या क्रमांकांत विभागले आहेत. परंडा व भूम ४७ क्रमांकाच्या मालिकेत येतात, तर धाराशिव, तेर व नळदुर्ग ५६ च्या. हे नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. दोहोंतील फरक लक्षात न घेतल्यास ठिकाण शंभर मीटरांहून अधिक सरकते. ओढ्यावरील उतार शोधताना एवढी चूक पुरेशी असते. अशा नकाशावरून आकडे घेताना यंत्राच्या मांडणीत ‘इंडियन’ हा पर्याय निवडता येतो. काम संपताच मूळ पर्याय पुन्हा लावावा.

याहून मोठी चूक आकडे लिहिण्याच्या पद्धतीमुळे होते. धाराशिव शहराचा अक्षांश दशांश पद्धतीने १८.१८ आहे. तोच आकडा १८ अंश १८ मिनिटे म्हणून भरल्यास ठिकाण सुमारे १३ किलोमीटर उत्तरेकडे जाते. एकमेकांना ठिकाण कळवताना अंश, मिनिटे की दशांश, हे स्पष्ट लिहावे.

पावसाळ्यात काळ्या मातीची गाडीवाट चाकांत चिखल भरून दुचाकी जागीच रोखते. नकाशावर ती वाट बारमाही दिसते. तिथे गावकऱ्यांना विचारणे हाच उपाय. कोणतेही यंत्र त्याची जागा घेत नाही.

नकाशे व मार्गनोंद

२००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवी प्रकल्पाचे नकाशे विनामूल्य मिळतात व गार्मिनच्या यंत्रांत भरता येतात. ग्रामीण मराठवाड्यात ते विरळ आहेत, परंतु आपण नोंदवलेली वाट त्यांत घालता येते. चाललेली वाट जीपीएक्स प्रकारच्या फाइलमध्ये साठवली जाते. अनोळखी भागात निघताना पहिले ठिकाण स्वतःच्या गाडीचे किंवा डांबरी रस्त्याच्या फाट्याचे नोंदवावे. परतताना अंधार पडल्यास केवळ तेवढीच नोंद उपयोगी पडते.

कायदेशीर बाबी

केवळ संदेश ग्रहण करणारे यंत्र बाळगण्यास भारतात सामान्य प्रवाशाला मनाई नाही. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे मात्र वेगळी. गार्मिनचे ‘इनरीच’ किंवा उपग्रह फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगणे हा गुन्हा आहे आणि अशी यंत्रे सापडल्याने परदेशी पर्यटकांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवताना दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून नमुन्याचे नाव तपासणे आवश्यक ठरते.

येडशी येथील रामलिंग घाट अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. यंत्रावर वाट दिसते म्हणून तेथे दुचाकी नेता येत नाही. प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते.