हाड आंत, कवच बाहेर

रत्नागिरी जिल्ह्यांत शास्त्री नदी सागराला मिळते तेथें जयगडचा किल्ला उभा आहे. त्याच्या समोरच्या खाडींत दोन तऱ्हांचे देह शेजारीं शेजारीं वावरतात. बोयीचा कांटा मांसाच्या आंत असतो. कुर्लीचा सांगाडा मात्र गडाच्या तटासारखा बाहेर, आणि मांस त्याच्या आश्रयाला. हा भेद मनुष्याला कसा उमगत गेला, त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

वृक्ष जसे आंतल्या गाभ्यावर उभे राहतात, तसे देह अस्थींच्या आधारें राहतात, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. तींत मनुष्याच्या अस्थि ३०० मोजल्या आहेत, चरकसंहितेंत ३६०. दांत वगैरेंचीहि गणना असल्यानें हे आंकडे आजच्या २०६ हून मोठे दिसतात. मात्र इतर प्राण्यांची वर्गवारी करतांना शंखशिंपल्यांना ‘कोशस्थ’ हें समर्पक नांव देणाऱ्या सुश्रुतसंहितेनें कासव आणि खेकडा ‘पादिन्’ ह्या एकाच वर्गांत बसविले. तेथें विचार आहाराच्या गुणांचा होता, रचनेचा नव्हे. कासवाची ढाल त्याच्या कण्याशीं व बरगड्यांशीं एकजीव झालेली असते. खेकड्याला हाड मुळींच नाहीं.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें मात्र रचनेकडेच पाहिलें. माकुलाचें मांस बाहेर व कठीण भाग आंत, खेकड्याचें ह्याच्या उलट, हें त्यानें नोंदविलें. आपल्याकडे औषधांत वापरला जाणारा समुद्रफेन म्हणजे माकुलाच्याच एका जातीचा हा आंतला कठीण भाग होय.

पुढें १८२२ सालीं पॅरिसमध्यें जोफ्र्वा सँ-इलेर ह्यानें असें प्रतिपादिलें कीं, शेवंडीच्या जातीचा प्राणी उताणा ठेवला तर त्याच्या इंद्रियांचा क्रम पृष्ठवंशी प्राण्यांसारखाच दिसतो. कीटक जणूं आपल्या कण्याच्या आंतच राहतो! कुव्हिएला हें ऐक्य मान्य नव्हतें. १८३० सालीं तेथील विज्ञान-अकादमींत दोघांचा जाहीर वाद झाला आणि कुव्हिए जिंकला असें बहुतेकांनीं मानलें. पण १९९० नंतरच्या दशकांत असें दिसून आलें कीं, पाठ व पोट ठरविणारीं जनुकें दोन्हीं गटांत सारखींच असून केवळ उलटीं लागू होतात. जोफ्र्वाचें उताणें चित्र अगदींच खोटें नव्हतें.

सांगाड्यांच्या बाबतींत मात्र भेद खरा ठरला. ते स्वतंत्रपणें उपजले. हाड सजीव असतें. तें देहाबरोबर वाढतें, मोडलें तर सांधतें. कवच कायटिन व चुन्याचें. कायटिन हें नांव ओदिए ह्यानें १८२३ सालीं दिलें. तें एकदां घट्ट झालें कीं वाढत नाहीं. म्हणून कुर्लीला वाढायचें तर कवच टाकावें लागतें, आणि नवें टणक होईपर्यंत ती मऊ, असहाय होऊन दडून बसते. संरक्षणाची किंमत ती ह्याप्रमाणें वारंवार भरते. किनाऱ्यावर सांपडणारी अखंड पण पोकळ कुर्ली ही म्हणूनच पुष्कळदां मेलेली कुर्ली नसते. ती तिनें मागें टाकलेली तटबंदी असते.