दोष कोणाचा, दुःख कोणाचे?

मोटार रस्त्यावर धावू लागली, तेव्हा न्याय मात्र घोडागाडीच्या काळातलाच राहिला होता. अपघात झाला की न्यायालय प्रथम विचारी, ‘दोष कोणाचा?’ उत्तर मिळेपर्यंत जखमी माणसाच्या औषधपाण्याचे काय, हा प्रश्न त्या न्यायाला पडत नसे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून मोटारीचा विमा सक्तीचा केला. परंतु पैसे मिळत ते दुसऱ्याचा दोष शाबीत झाल्यावर. साक्षीपुराव्यांत वर्षे लोटत. कारखान्यातील कामगाराला दोषाचा काथ्याकूट न करता भरपाई मिळते, तशीच ती रस्त्यावरच्या जखमीलाही मिळावी, असे कोलंबिया विद्यापीठातील एका समितीने १९३२ मध्ये सुचविले. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताने १९४६ मध्ये हे तत्त्व प्रथम स्वीकारले. पुढे कीटन व ओ’कॉनेल या प्राध्यापकांनी १९६५ मध्ये आपला आराखडा मांडला आणि १ जानेवारी १९७१ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये ‘नो-फॉल्ट’ कायदा अमलात आला.

श्रोतेहो, या कायद्याचे मर्म एका देवघेवीत आहे. दोष कोणाचाही असो, जखमीला स्वतःच्याच विमा कंपनीकडून औषधोपचाराचा खर्च व बुडालेल्या वेतनाचा काही भाग मिळतो. त्याच्या मोबदल्यात, किरकोळ दुखापतीच्या वेदनांबद्दल दुसऱ्यावर दावा लावण्याचा हक्क त्याने सोडावयाचा. दुखापत गंभीर असेल तर न्यायालयाचे दार उघडे राहते. बहुतेक राज्यांत मोटारीच्या मोडतोडीला मात्र जुनाच न्याय लागू आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये या भरपाईची कमाल मर्यादा प्रारंभी २,००० डॉलर होती. आता ती ८,००० आहे. मिशिगनने १९७३ मध्ये औषधोपचाराला मर्यादाच ठेवली नाही. औदार्य मोठे खरे. पण विम्याचे हप्ते इतके चढले की, २०१९ मध्ये कायदा बदलून कमी संरक्षण निवडण्याची मुभा द्यावी लागली. कोलोरॅडोने तर २००३ मध्ये ही पद्धतच सोडून दिली.

आपल्याकडे ‘दोष शाबीत करा’ हा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये कायम ठेवला होता. १९८२ च्या दुरुस्तीने मृताच्या वारसांना दोष न दाखविता १५,००० रुपये मिळू लागले. येथे भार जखमीच्या नव्हे, तर अपघातातील वाहनाच्या विम्यावर पडतो. एप्रिल २०२२ पासून ही रक्कम ५ लाख आहे.

दोषाचा निवाडा सावकाश होऊ शकतो. जखमेला तेवढा धीर नसतो. तो धीर किती किमतीला विकत घ्यावा, एवढाच प्रश्न प्रत्येक समाजाने सोडवावयाचा आहे.